टर्कीच्या शिकारीसाठी घेतलेला 'तीन माणसांचा' ब्लाइंड: एप्रिल ते नोव्हेंबर वापरून

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. तुम्ही एकटेच शिकारीला जात असाल तर हा ब्लाइंड, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायचा कापडी तंबू, घेऊ नका. झाडाला पाठ लावून बसा आणि पैसे वाचवा. पण सोबत बारा वर्षांची मुलगी, गुडघेदुखीने बेजार वडील आणि 'मलाही एकदा बघायचंय' म्हणणारी बायको असेल, तर याच्याशिवाय टर्कीच्या वाटेला जाऊ नका. माझ्याकडे तिघंही होते.

वस्तू अशी: चार कापडी भिंती, वर छत, आणि प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक हब. हबमधून फायबरग्लासच्या चार काड्या कोपऱ्यांकडे जातात. मधली दोरी बाहेर ओढली की भिंत फट्कन ताणून उभी राहते. सवय झाल्यावर दोन मिनिटांत उभा, पाच मिनिटांत बंद. (बंद करून पिशवीत कोंबायला जास्त वेळ लागतो, तो या पाच मिनिटांत धरलेला नाही.) वजन २० पौंडांच्या आसपास, किंमत साधारण २५० डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही. या रचनेचे ब्लाइंड बऱ्याच कंपन्या विकतात आणि गुणदोष थोड्याफार फरकाने तेच.

आमची जागा विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, व्हर्नन काउंटीत, व्हिरोक्वा गावाजवळ. मॅडिसनहून गाडीने दोनेक तास. हिमयुगातल्या हिमनद्या या टापूला वळसा घालून गेल्या, त्यामुळे इथे सपाटी अशी नाहीच. उंच डोंगरधारा, मध्ये घळी, धारेवर मका आणि अल्फाल्फा, उतारावर ओक आणि हिकरी. साताऱ्याहून आलेले बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, हे तर आपलं पाटणचं खोरं. फक्त करवंदं नाहीत."

शेत माझ्या मित्राच्या सासऱ्यांचं. दुभत्या गायी, दूध चीजच्या कारखान्याला. सासरेबुवा सत्तरीच्या पुढचे. ते लहान असताना इथे एकही टर्की नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या जंगली टर्कीची शेवटची नोंद १८८१ची. मग १९७६ साली मिसुरी राज्याकडून पक्षी आणून याच व्हर्नन काउंटीत सोडले. पहिल्या खेपेला २९. त्याच्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला रफ्ड ग्राउज हे रानपक्षी दिले. १९८३मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली, आणि आता म्हातारबुवा टर्कींना शिव्या घालतात, कारण त्या सायलेजच्या (मुरघासाच्या) ढिगावर येऊन बसतात. आम्हाला शिकारीला जागा मिळाली ती बहुधा त्या रागापोटीच.

ब्लाइंड का लागतो ते कळायला इथल्या वसंत मोसमाची रीत कळायला हवी. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी पहिला कालावधी सुरू होतो. बुधवार ते मंगळवार असे सात-सात दिवसांचे सहा, 'ए' ते 'एफ'. परवाना एका विभागाचा आणि एका कालावधीचा. मारायचा तो फक्त नर किंवा छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुपका) असलेला पक्षी. पहिल्या कालावधीच्या आधीचा शनिवार-रविवार सोळा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी राखीव असतो. मोठ्यांनी सोबत बसायचं, शिकार मुलांनीच करायची. म्हणजे नोकरी आणि शाळा सांभाळणाऱ्याच्या हातात मोजके शनिवार-रविवार येतात, आणि त्याच दिवशी सगळ्यांनाच यायचं असतं.

आता टर्की. तिला वास जवळजवळ येत नाही, पण नजर भयानक. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, मान जराशी फिरवली की चौफेर दिसतं, रंगही ओळखते. झाडाला टेकून बसलेल्या माणसाने नाक खाजवलं तरी सकाळ वाया. आमच्या लेकीला दहा मिनिटं स्वस्थ बसणं जमत नाही, बाबांना पाय सरळ करावाच लागतो. ब्लाइंडमध्ये हे सगळं चालतं. रात्रीतून शेताच्या कडेला उगवलेल्या तंबूकडे टर्की ढुंकूनही बघत नाही. हरणं बघतात, फुरफुरतात, आठवडाभर त्या बाजूला फिरकत नाहीत. टर्कीला मात्र काही वाटत नाही. का, ते तीच जाणे.

पण दोन पथ्यं आहेत, आणि माहितीपुस्तिकेत ती धड लिहिलेली नाहीत. एक, मागच्या बाजूच्या खिडक्या पूर्ण बंद. मागून उजेड आला की तुमची आकृती समोरून स्पष्ट दिसते. दोन, कपडे काळे. आतून भिंती काळ्या असल्यामुळे पानाफुलांच्या छापाचं जॅकेट उलट उठून दिसतं. बायको काळ्या स्वेटरमध्ये, लेक काळ्या हूडीत, बाबा गडद बंडीत. चेहऱ्याला जाळी आणि हातमोजे हवेतच. कॅमोफ्लाजच्या कपड्यांवरचे चारजणांचे पैसे वाचले, ते हिशेबात धरले तर ब्लाइंड फारसा महाग पडत नाही. फक्त बाबांचं लाल मफलर गाडीत ठेवायला लावलं. वसंतात नर टर्कीचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं. शेजारच्या शेतातल्या एखाद्या उतावळ्याने झाडीतून तो रंग चालत जाताना पाहू नये, म्हणून हे तीन रंग अंगावर नकोतच.

भिंतींना एकतर्फी दिसणारी जाळी आहे, बाहेरून काळी, आतून पारदर्शक. ही या मॉडेलची मोठी जाहिरात, आणि दिवस वर आल्यावर खरीही. पहाटे मात्र ती जाळी उजेड खाते. सूर्योदयाआधी अर्धा तास शिकार कायद्याने सुरू होते, आणि त्या अर्ध्या तासात जाळीतून झाडाचं खोड आणि पक्षी यांत फरक कळत नाही. जाळीतून गोळी झाडायची नसते, त्यासाठी खिडकी उघडावी लागते. सकाळचं ऊन थेट जाळीवर पडलं की आतलंही थोडं बाहेर दिसतं, म्हणून पूर्वेकडची बाजू आम्ही पूर्ण कापडाने झाकतो.

'तीन माणसांचा' हे शब्द कंपनीने बहुधा तीन माणसं उभी करून लिहिले असावेत. तीन खुर्च्या, एक २० गेज शॉटगन, तिला टेकवायची काठी, डिकॉयची (नकली टर्कींची) पिशवी आणि थर्मास एवढं ठेवल्यावर आत अडीच माणसं बसतात. आम्ही दोन मोठे आणि एक मूल असे जातो. बायको आणि मित्र दुसऱ्या धारेवर, त्याच्या जुन्या ब्लाइंडमध्ये. खिडकीची खालची कड मोठ्या माणसाच्या बसल्या उंचीची आहे. लेकीला हनुवटी वर करून नेम धरावा लागायचा. तिच्यासाठी उंच स्टूल आणलं तेव्हा तो प्रश्न सुटला. मुलांसाठी ब्लाइंड घेणाऱ्यांनी घरीच, दिवाणखान्यात उभा करून मुलाला आत बसवून बघावं. आणि जागेवर बसण्याआधी पायाखालचा पाला हाताने बाहेर काढावा, मातीच उघडी पडली पाहिजे. वाळक्या ओकच्या पानावर एक टाच फिरली तर सगळ्या शिवाराला कळतं.

वास येत नसल्यामुळे खाण्यापिण्यावर बंधन नाही, आवाजावर आहे. शंकरपाळे, चिवडा, कुरकुरीत काहीही बाद. दशमी आणि लोणच्याची फोड चालते, फॉइलमध्ये नव्हे, कापडात बांधून. थर्मासचं झाकण गाडीतच अर्धं सैल करून आणायचं. हे बाबांनी शोधलं.

या ब्लाइंडने पैसे वसूल केले ते मे महिन्यात, 'डी' कालावधीतल्या शनिवारी. पहाटे दोन नर झाडावरून गॉबल करत, म्हणजे हाका देत होते. खाली उतरले आणि माद्यांच्या मागे घळीत गेले. मग शांतता. उघड्यावर असतो तर आठला घरी निघालो असतो, कारण लेक गारठली होती. ब्लाइंडमध्ये ती ब्लँकेट घेऊन चक्क झोपली. साडेनऊनंतर माद्या अंडी घालायला घरट्याकडे जातात आणि नर एकटे पडतात. ही वेळ गाठायची तर तग धरून बसावं लागतं, आणि कुटुंबासोबत ते एरवी जमत नाही. मी अधूनमधून स्लेट कॉलवर (पाटीवर काडी घासून वाजवायच्या कॉलवर) हलकी यल्प, म्हणजे मादीची हाक, काढत होतो. तो नर आला तो आवाज न करता, आणि भलत्याच बाजूने. मी समोर बघत होतो. बाबांनी डावीकडच्या जाळीतून त्याला हेरलं आणि माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. मग लेकीला उठवणं, तिचं स्टूल फिरवणं, बंदूक समोरच्या खिडकीतून काढून डावीकडच्या खिडकीत घालणं, काठी लावणं. हे सगळं पक्षी वीस यार्डांवर पिसारा फुलवून आमच्या डिकॉयच्या जेकभोवती (नकली तरुण नराभोवती) फेऱ्या मारत असताना. झाडाखाली बसून हे करून दाखवा. पिसारा मिटून मान वर काढेपर्यंत ती थांबली आणि एकच बार.

गोठ्यातल्या काट्यावर २१ पौंड भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची असते, ती फोनवर तिनेच केली. छातीचं मांस पटकन कोरडं होतं म्हणून दह्यात मुरवून त्याचं सुकं केलं. तंगड्या शिरांनी भरलेल्या, त्या कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देऊन कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात. सासरेबुवांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा टर्कीवरचा त्यांचा राग थोडा कमी झाला असावा.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी आवाजाची. आत बसलं की कान अर्धे बंद. गॉबल ऐकू येतो, पण कोणत्या घळीतून, ते कळत नाही. स्लेटचा आवाजही कापडात अडकतो. मी कॉल वाजवताना हात खिडकीच्या कडेपर्यंत नेतो, तोंडातला डायाफ्राम कॉल त्यामानाने बरा. पाऊस पडला तर छतावर ताशा सुरू होतो आणि ऐकण्याचा विषयच संपतो.

झिपा गारठ्यात अडकतात. खिडक्यांना हुक आणि खटके आहेत ते शांत चालतात, पण दाराला झिपच, आणि पहाटेच्या अंधारात ती एखाद्या ओरडण्यासारखी वाटते. मेणबत्ती घासून ठेवली तर फरक पडतो. सोबत आलेले खुंटे कामाचे नाहीत. धारेवर वारा सुटला की चारही कोपरे आणि चारही हबच्या दोऱ्या बांधूनसुद्धा अख्खा ब्लाइंड सरकतो. हार्डवेअरच्या दुकानातले लांब लोखंडी खुंटे आणले, तेव्हापासून जागचा हलला नाही.

मेच्या शेवटी आत भट्टी होते, छताला हवा जायला काही सोय नाही. गोचिडांपासून मात्र उघड्यावर बसण्यापेक्षा थोडा बचाव होतो. या भागात लाइम रोग आहे, त्यामुळे पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले पायमोजे आणि घरी आल्यावर सगळ्यांची तपासणी चुकत नाही. ब्लाइंडला तळ नसल्यामुळे 'आत आहोत म्हणजे सुरक्षित' हा भ्रम नको.

खाजगी शेत असल्यामुळे आम्ही मोसमभर तो उभाच ठेवला. राज्याच्या सार्वजनिक जमिनीवर रोज शिकारीची वेळ संपली की काढून न्यावा लागतो, तिथे २० पौंड खांद्यावर जड वाटतील. उभा ठेवण्याची किंमत उन्हाने वसूल केली. दक्षिणेकडची भिंत फिकी पडली आणि जुलैत एक काडी हबपाशी चिरली. कंपनीने नवी काडी फुकट पाठवली, पण बसवायची कशी याचं एक चित्रसुद्धा नाही. गोठ्याच्या माळ्यावर ठेवला असता उंदरांनी पिशवी कुरतडली. कापड वाचलं. आता तो पत्र्याच्या पिंपात असतो.

नोव्हेंबरमध्ये हरणांच्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या मोसमात तोच वापरला. तीन आठवडे आधी उभा केला, वरच्या पट्ट्यांमध्ये ओकच्या फांद्या खोचल्या. सार्वजनिक जमिनीवर या काळात ब्लाइंडवर किमान १४४ चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड सगळ्या बाजूंनी दिसेल असं लागतं. खाजगी शेतावरही आम्ही ते लावलं. टर्कीसारखी मजा नाही आली. हरणाला वास येतो, म्हणून दशमी बंद, चहा बंद, आणि मग बाबाही यायचे बंद झाले असते. ते तोवर साताऱ्याला परतले होते, म्हणून वाद टळला.

पुढच्या वसंताच्या परवान्याच्या सोडतीचा अर्ज १० डिसेंबरपर्यंत भरायचा आहे. मित्राची दोन मुलंही येणार म्हणतात. चार-पाच माणसांचा मोठा ब्लाइंड बघून ठेवला आहे, पण तो याहून बराच जड आहे, आणि धारेवर कुणी वाहून न्यायचा यावर घरात अजून एकमत नाही.