गुरुवारची क्विझ : रस्सा दहापैकी आठ, प्रश्न दहापैकी पाच

ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात दर गुरुवारी रात्री आठला क्विझ असते, असं थोरलीनं सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, गुरुवारीच का? उत्तर तिथं गेल्यावर कळलं. निम्मं कोल्हापूर गुरुवार पाळतं, मटण खात नाही, मटणाच्या हॉटेलात टेबलं मोकळी पडतात. विलायतेत १९७० च्या दशकात पबमध्ये क्विझ फोफावली तीही अशीच, आठवड्याच्या थंड रात्री गिऱ्हाईक ओढायला. आमच्या मालकांनी ते वाचलं असेल असं नाही. धंदा शिकवतो.

आम्ही चौघं. मी (उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप), थोरली, मेव्हणा आणि शेजारचे आप्पा. आप्पांचं वय चौऱ्याहत्तर, उभी हयात टॉकीजबाहेरचे सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात गेली. संघाचं नाव ‘टांगा पलटी’. माणशी शंभर रुपये, ते बिलात वळते होतात.

खेळ असा. टेबलावर क्यूआर कोडचं कार्ड असतं, ते मोबाईलनं स्कॅन करायचं, संघाचं नाव टाकायचं. एरवी क्रिकेट लावतात त्या टीव्हीवर प्रश्न येतो, मोबाईलवर चार रंगांचे चौकोन येतात. वीस सेकंद. जितक्या लवकर बोट लावाल तितके गुण जास्त. इथंच घोळ आहे. आमचं टेबल खांबामागं. आमच्या मोबाईलवर चौकोन उगवेपर्यंत टीव्हीवरचा आकडा बारावर आलेला असायचा. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं कशात पदक मारलं, हा प्रश्न राधानगरीच्या पोराबद्दल कोल्हापुरात विचारला तर चुकणार कोण? पन्नास मीटर रायफल, थ्री पोझिशन. सगळ्या टेबलांचं बरोबर आलं आणि राऊटरखाली बसलेली कॉलेजची पोरं पहिली आली. थोरलीनं पुढं वायफाय बंद करून स्वतःचा डेटा लावला, तेव्हा जरा जीव आला. तुम्ही गेलात तर हे आधीच करा.

आणि आप्पा. त्यांच्याकडं बटणांचा फोन, त्यामुळं ते उत्तर तोंडानं देतात. तेही टॉकीजच्या आवाजात. आमच्या आधी शेजारची दोन टेबलं बोट लावून मोकळी.

बरेच प्रश्न कुठल्यातरी परदेशी गठ्ठ्यातले, मशीनकडून मराठी करून घेतलेले असावेत. बेसबॉलमधला होम रन पडद्यावर ‘घरची धाव’ होऊन आला. मेव्हणा म्हणाला, “ती आमची रोज सातला असतीया, बँक सुटली की.”

दुसऱ्या फेरीत मात्र ठिणगी पडली. प्रश्न : प्रभात फिल्म कंपनीची स्थापना कोणत्या शहरात झाली? मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर. आम्ही कोल्हापूर दाबलं. पडद्यावर हिरवं झालं पुणे.

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग आप्पा उठले. “ओ पाव्हणं! १९२९ ला हितं काढली कंपनी. पुण्याला गेली १९३३ ला. ‘अयोध्येचा राजा’ कुठं झाला, १९३२ चा? मराठीतला पहिला बोलपट हितं झालाय, आन् तुम्ही पुणं म्हंताय?” माईकवाला पोरगा घाबरून म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये पुणं आहे.” सिस्टीम हा शब्द त्यानं काढायला नको होता. सहा टेबलं उभी राहिली. खाली परमिट रूममधली दोन माणसं काय झालं बघायला जिना चढून आली आणि त्यांनीही आप्पांची बाजू घेतली. मालक काउंटर सोडून आले, प्रश्न रद्द म्हणाले. पण पडद्यावरचे गुण कुणाला बदलता येईनात. पुणे दाबणाऱ्यांचे गुण तसेच राहिले.

तिसऱ्या फेरीला राऊटरनं मान टाकली. माझ्या दृष्टीनं संध्याकाळ तिथं सुरू झाली. त्या पोरानं ऑर्डर घ्यायच्या वहीतली पानं फाडून टेबलागणिक एकेक दिलं, वेटरची पेनं वाटली आणि स्वतःच प्रश्न वाचायला लागला. पंचगंगेच्या पाच नद्या लिहा, नदीला एक गुण. असला प्रश्न चार चौकोनांत बसतच नाही. कासारी, कुंभी, भोगावती पटापटा झालं. मग चार डोकी त्या तेलकट कागदावर वाकलेली, मेव्हणा बोटं मोजतोय. तुळशी थोरलीला आठवली, गुप्त सरस्वती आप्पांना. आप्पा पहिल्यांदाच कुजबुजले. मग कागद शेजारच्या टेबलाला तपासायला द्यायचे. आमच्याकडं आलेल्या कागदावर पाचवी नदी ‘जयंती’ लिहिली होती. जयंती नाल्याला नदी केल्याबद्दल मी अर्धा गुण द्यायला तयार होतो. आप्पांनी दिला नाही.

एकूणात आम्ही तिसरे. पहिलं बक्षीस पुढच्या बिलात हजार रुपये सूट, ते राऊटरखालच्या पोरांना. तिसऱ्याला टाळ्या. प्रभातच्या नुकसानभरपाईत मालकांनी तांबड्याची एक जादा वाटी पाठवली. ती मेव्हण्यासमोर ठेवली गेली आणि त्याचा गुरुवार होता. त्यानं वास घेतला, वाटी माझ्याकडं सरकवली आणि परत पनीरकडं वळला. चेहरा बघण्यासारखा होता.

खाण्याचं थोडक्यात. तांबडा चांगला, नुसत्या तिखटाचा नाही, मसाला भाजलेला कळतो. पांढरा जरा पातळ. मटण शिजलेलं. भाकरी क्विझ चालू असताना मागवू नका, वेटरसुद्धा प्रश्न ऐकत उभे असतात. आमची तिसऱ्या हाकेला आली आणि गार आली. चौघांचं बिल एंट्री धरून अठराशे चाळीस, दारू नाही.

मालकांना निघताना सांगितलं, ते मशीन एका फेरीपुरतं ठेवा, बाकी वहीची पानं फाडा, आणि प्रश्न कोल्हापुरातल्या कुणाकडून तरी काढून घ्या. ते म्हणाले, कोण काढून देणार? आप्पा चपला घालत होते. “पन्नास आणतो पुढच्या गुरुवारी,” म्हणाले. म्हणजे पुढच्या वेळी ते आमच्या संघात नाहीत, आणि टांगा पलटीला सिनेमातलं कळणारा एक माणूस पाहिजे.