बर्फ बघायचा तर गुलमर्ग, मनाली की औली? सोलापूरकरांसाठी तुलना

यंदा पोरांना बर्फ दाखवायचाच असं ठरलं, की पुढचा प्रश्न असतो तो कुठे. बहुतेक जण ठिकाणाची उंची आणि तिथली थंडी बघून ठरवतात. तिथेच गल्लत होते. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, थंडी हाडं गोठवणारी, पण तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. हवेत ओल लागते आणि ती ओल अडवायला डोंगर लागतो.

हिवाळ्यात ही ओल येते पश्चिमी विक्षोभांबरोबर. भूमध्य समुद्राकडून उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणारी ही वादळी प्रणाली डिसेंबर ते मार्चमध्ये महिन्याला सरासरी चार-सहा वेळा येते. ती हिमालयाला धडकते, हवा डोंगर चढते, गार होते आणि बर्फ पडतो. आपल्याला हे नवं नाही. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याचा लहानसा हिस्सा, आणि सोलापूरपर्यंत येईतो ढग रिकामे. पर्जन्यछायेत राहणाऱ्या माणसाला डोंगराची अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

बर्फाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी आहे आणि निवड करताना तीच कामाला येते. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने खाली येतो, हिमकण जेमतेम एक मीटर. त्यामुळे वारा हिमकणांना माथ्यावरून उचलून पलीकडच्या उतारावर नेऊन टाकतो. डोंगराच्या लगेच मागे असलेल्या गावालाही चांगला बर्फ मिळतो. उपाशी राहतो तो आणखी दोन-तीन रांगा आत असलेला मुलूख, म्हणजे लेह किंवा स्पितीतलं काझा.

गुलमर्ग नेमकं अशा जागी आहे. पीर पंजाल या डोंगररांगेच्या माथ्यालगत, काश्मीर खोऱ्याच्या बाजूला, साधारण २६५० मीटरवर. विक्षोभ भारतात शिरतो तोच काश्मीरकडून, त्यामुळे पहिला आणि भरलेला मारा इथे होतो. गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, अफरवाट शिखराकडे ३९०० मीटरच्या वर जाता येतं, म्हणजे खाली बर्फ कमी असला तरी वर मिळण्याची आशा राहते. तरीही हमी नाही. जानेवारी २०२४ मध्ये दमदार विक्षोभच आले नाहीत आणि गुलमर्गचं कुरण महिनाअखेरपर्यंत जवळपास कोरडं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले.

मनालीचं गणित वेगळं. गाव साधारण २०५० मीटरवर, जवळचं सोलंग खोरं त्याच्यापेक्षा पाचशे मीटर वर. पाचशे मीटर चढलं की तापमान तीनेक अंशांनी उतरतं. म्हणून एकाच वादळात मॉल रोडवर पाऊस आणि सोलंगला बर्फ, असं होतं. शिवाय ओलीचा पहिला वाटा अलीकडची धौलाधार डोंगररांग घेते, मनालीला उरलेला मिळतो. पण ऑक्टोबर २०२० पासून अटल बोगदा आहे, आणि त्याच्या पलीकडचं सिस्सू सुमारे ३१०० मीटरवर, पीर पंजालच्या लगेच मागे. गावात बर्फ नसला तरी दिवसात जाऊन येता येतं. खर्चाच्या दृष्टीनेही सोपं: कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे रात्रीची बस. नाताळचा आठवडा मात्र टाळा. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या.

औली सुंदर आहे, नंदादेवी समोर दिसते. पण ती पूर्वेकडे, उत्तराखंडात आहे. विक्षोभाची वाट जरा उत्तरेकडून गेली, की काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि औलीवर नुसते ढग. त्यात ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत दिवसभराचा घाटरस्ता. हाताशी जास्तीचे दिवस असतील तरच जावं.

तारखेचं म्हणाल, तर काश्मिरात चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याचे चाळीस दिवस, २१ डिसेंबर ते ३० जानेवारी. नाताळात त्याची नुसती सुरुवात असते, जमिनीवर थर साचलेला नसतो. संक्रांत आणि गड्ड्याची जत्रा घरीच साजरी करा आणि जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य पकडा. शाळेला चार दिवस दांडी पडेल, पण ती पडू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बजेट असेल तर गुलमर्ग. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, त्यामुळे बर्फाने महामार्ग बंद झाला तरी खोऱ्यात शिरायला दुसरी वाट आहे. लहान मुलं, आजी-आजोबा आणि आखडता हात असेल तर मनाली, पण एक दिवस सिस्सूसाठी राखूनच. दोन्हीकडे हवामान खात्याचा अंदाज निघण्याआधी चार-पाच दिवस बघत राहा. विक्षोभ येणार असेल तर तो ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचाल असा बेत करा: बर्फ ताजा असतो, आभाळ मोकळं होतं आणि रस्तेही खुले व्हायला लागतात. त्यासाठी हॉटेल बुक करताना तारीख बदलता येते का, हे आधी विचारून घ्या.