गाडी खोलली की माणूस अडकला

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं वाचावं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. बाबांची जुनी बुलेट नव्याने घडवून घ्यायला ठरले होते १,३५,००० रुपये आणि तीन महिने. गेले १,८५,००० रुपये आणि चौदा महिने. शिवाय तिचं इंजिन गेलं, त्याची किंमत मला अजून लावता आलेली नाही.

बुलेट १९९३ ची. मद्रासला बनलेली, कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाने गिअर टाकायची. बाबा वीज मंडळात होते. इंदूर ते खंडवा, इंदूर ते महेश्वर अशा त्यांच्या फेऱ्या त्याच गाडीवर झाल्या. सिमरोल घाटात एकदा गाडी दगडावर आपटली आणि क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला, खालून, ऑइल काढायच्या ड्रेन प्लगच्या शेजारी, बोटभर चीर गेली. छावणीतल्या एका मिस्त्रीने तिथे वेल्डिंग करून दिलं. तो ओबडधोबड वण मी लहानपणापासून पाहिलेला. शनिवारी गाडी पुसायचं काम माझ्याकडे असे, आणि त्या वणात अडकलेलं ऑइल चिंधीने निघत नसे म्हणून मी त्यावर वैतागायचो. हा वण लक्षात ठेवा.

बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. मला तिचा बॉबर करायचा होता. ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या पोरांनी जड मोटरसायकलींची मडगार्डं कापली, नको ते सगळं उतरवलं, एकच सीट ठेवली, तो बॉबर. इंग्लंडात थोडं पुढे, पन्नास-साठच्या दशकांत, नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन बनवायचे. म्हणजे घरच्या घरी गाडी घडवण्याचा शौक जुना आहे आणि वाईट तर मुळीच नाही. मी आजही कोणाला वेड्यात काढणार नाही.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "एवढे पैसे घालायचेत तर शोरूममधून नवी का घेत नाहीस?" तेव्हा रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० रस्त्यावर यायला दोन लाखांच्या पुढे जात होती. कारखान्यातूनच बॉबर होऊन येणारी जावाची पेराकही होती, ३३४ सीसीची. मी पेराक बघून आलो, बसून आलो. चांगली होती. पण ती कोणाचीही असू शकली असती. मला "आमची" गाडी हवी होती. या एका शब्दावर मी विकला गेलो, कारण समोरच्याने तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखला.

इंदुरातच देवास नाक्याच्या पुढे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांमागे त्याचं वर्कशॉप होतं. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बाहेर दोन झकास गाड्या उभ्या, भिंतीवर फोटो, कोपऱ्यात स्पीकर. माणूस गोड. मी बाबांबद्दल दोन वाक्यं बोललो तर म्हणाला, "भिया, मैं गाडी नी बना रिया, पिताजी की निशानी बना रिया हूँ." चहा मागवला. कागदावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून सीट, टाकी, हँडल असं झरझर काढून दाखवलं. तो हात खरोखर चांगला होता, हे कबूल करायला हवं. भिंतीवरचे फोटो मात्र दुसऱ्या शहरांतल्या कारागिरांच्या गाड्यांचे होते, आणि बाहेरच्या दोन गाड्या दुरुस्तीला आलेल्या. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मी "तुम्ही बनवलेल्या गाडीच्या मालकाचा नंबर द्या" एवढं एक वाक्य बोललो असतो तर हा लेख झाला नसता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ५०,००० रुपये दिले आणि गाडी टेम्पोत घालून पाठवली. आठवड्याने गेलो तर गाडी नव्हतीच. टाकी एका कोपऱ्यात, चाकं दुसऱ्या, इंजिन लाकडी फळीवर, नट-बोल्ट डालड्याच्या जुन्या डब्यात. मला ते बघून आनंद झाला! वाटलं, काम सुरू झालं. खरं म्हणजे त्या क्षणी त्याचं काम संपलं होतं. उभी गाडी तुम्ही केव्हाही ढकलत घरी आणू शकता. खोललेली गाडी कुठे नेणार? कशात भरणार, कोणाकडून जोडून घेणार? दुसरा मिस्त्री दुसऱ्याने खोललेल्या गाडीला हात लावत नाही. पुढच्या प्रत्येक मागणीला मी हो म्हणत गेलो त्याचं कारण विश्वास नव्हता, ते डबे होते.

महिन्याभराने फोन. क्रँक गेलाय, बोअर करावं लागेल, २८,००० रुपये. मग "इंपोर्टेड" टायर आणि शॉकअप, ३६,००० रुपये. मग ठरलेल्यातले म्हणून ४५,००० रुपये, कारण पेंटरला आधी द्यावे लागतात. शेवटी गाडी देताना वायरिंग आणि रंगाचे २६,००० रुपये. पैसे यूपीआयवर, पण दर वेळी वेगळ्या नावावर: कधी भाऊ, कधी पेंटर, कधी "वो मेरा नंबर बंद है, इसपे डाल दो". बिल म्हणजे वहीतल्या पानावर गाडीच्या नावाखाली आकडा. मी पीथमपूरला एका कंपनीत स्टोअर्समध्ये आहे. तिथे चलनाशिवाय वॉशरसुद्धा आत येऊ देत नाही. आमच्या बसच्या रस्त्यावर नॅट्रॅक्स लागतं. गाड्या तपासायला तिथे ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक बांधलाय. रोज त्या बाजूने जाणारा हा माणूस इकडे वहीच्या पानावर पावणेदोन लाखांच्या वर देत होता.

एप्रिल २०२३ मध्ये गाडी घरी आली. काळी, बुटकी, देखणी. गल्लीतली पोरं जमली. बाबांना खुर्ची आणून पोर्चमध्ये बसवलं आणि मी किक मारली. बाबांनी मान तिरपी करून ऐकलं. म्हणाले, "हा आवाज आपला नाही रे."

मी म्हणालो, "बाबा, सायलेन्सर बदललाय."

त्यांनी पुन्हा काही म्हटलं नाही.

पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये एकेक बाहेर पडायला लागलं. मागचा टायर रुंद घातला होता पण चेनची रेघ सरकवलीच नव्हती, त्यामुळे चेन टायरला घासून काळा भुगा पडायचा. मागचा सांगाडा कापून जोडला होता त्या जोडावरचा रंग केसाएवढा तडकला. खरवडलं तर खाली पुट्टी, पुट्टीखाली साधं आर्क वेल्डिंग, तेही अर्धवट भरलेलं. पैसे मात्र आर्गॉन वायूच्या महागड्या वेल्डिंगचे घेतले होते. "इंपोर्टेड" टायरच्या कडेला १९१४ हा आकडा होता. टायरवर असे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझा नवा टायर २०१४ च्या एकोणिसाव्या आठवड्यात जन्मलेला होता, म्हणजे माझ्या हाती आला तेव्हा नऊ वर्षांचा.

टाकीची गंमत वेगळीच. हाताने ठोकलेली पत्र्याची टाकी म्हणून पैसे घेतले होते. कार्ब्युरेटरमध्ये सारखा चिकट गाळ येतो म्हणून मी वैतागलो होतो. मुलीने फ्रिजवरचं लोहचुंबक खेळता खेळता टाकीला लावलं आणि ते खाली पडलं. टाकी फायबरची! पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळलेलं असतं, ते अशा टाकीचं रेझिन आतून मऊ करतं, आणि तोच गाळ खाली उतरत होता. जुनी पत्र्याची टाकी कुठे गेली विचारलं तर "भंगार में गई भिया, सड गई थी." सडली नव्हती. मीच ती आतून तेल लावून ठेवली होती.

तरी इथपर्यंत मी हे सगळं निकृष्ट काम समजत होतो. फसवणूक म्हणत नव्हतो.

दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. आमची ऑगस्ट २०२३ मध्ये संपत होती, म्हणून जुलैत नायता मुंडल्याच्या आरटीओत गेलो. निरीक्षकाने सगळ्यात आधी कापलेल्या मडगार्डकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यानंतर चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली. बरोबर आला. इंजिन नंबरवर घासली. आकडे तेच, आरसी बुकात होते तेच. पण तो माणूस थांबला. बोटाने ती जागा चाचपली. म्हणाला, "इथे घासलंय. ठोकलेले आकडे नवे आहेत."

घरी येऊन बाबांची फाइल काढली. २००८ साली पहिल्यांदा नोंदणी वाढवली तेव्हाचा पेन्सिलचा ठसा बाबांनी टाचणी लावून ठेवला होता. जुन्या ठशातला ४ वर उघडा होता, नव्यातला बंद. जुन्यातला ७ किंचित कललेला, नव्यातला ताठ. मग मी गाडी आडवी पाडली आणि ड्रेन प्लगच्या शेजारी बॅटरी मारली.

वण नव्हता. गुळगुळीत क्रँककेस.

मी तिथेच फरशीवर बसलो. चौदा महिन्यांत दहा-बारा वेळा वर्कशॉपला गेलो होतो, तीन महिने गाडी दारात होती, आणि मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. बाबांनी मात्र खुर्चीत बसून ओळखलं होतं.

घरची, व्यवस्थित ठेवलेली, नंबर जुळणारी कास्ट आयर्न इंजिनं आता सहज मिळत नाहीत, आणि ज्यांना हवी असतात ते चांगले पैसे मोजतात. आमचं इंजिन तसं गेलं असणार. आणि जे आमच्या गाडीत बसवलं ते कोणाचं? त्याचा मूळ नंबर घासलेला आहे. ते चोरीच्या गाडीचं असलं तर ते माझ्या पोर्चमध्ये, माझ्या नावच्या गाडीत आहे. पोलिसांत गेल्यावर पहिला अर्धा तास मलाच प्रश्न विचारले गेले, आणि खरं सांगू, त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

कायद्याची बाजू मला तेव्हा कळली. ती आधी कळायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. कोणाला? मालकाला. रंग, सीट कव्हर यांना कोणी हात लावत नाही. पण सांगाडा कापला, इंजिन बदललं की जबाबदारी तुमची, कापणाऱ्याची नाही. शोरूमची गाडी चाचण्यांतून पास होऊन येते आणि तिच्या ब्रेकपासून सांगाड्यापर्यंत कोणीतरी सहीनिशी बांधलेला असतो. बायको म्हणत होती ती तफावत हीच होती. मी ती "कोणाचीही गाडी" म्हणून उडवून लावली.

आता ओळखीतलं कोणी विचारलं तर मी "करू नको" म्हणत नाही, कारण त्याने ऐकलं नसतं हे मला माझ्यावरून माहीत आहे. मी म्हणतो, गाडी द्यायच्या आधी चेसिस आणि इंजिनाच्या नंबरांचे पेन्सिलचे ठसे काढ, त्यावर त्याची सही घे. इंजिनाच्या चारही बाजूंचे फोटो घे, खालूनसुद्धा, वण-डाग सगळे. काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा असं लिहून घे, सडका असला तरी. आणि इंजिनाला हात लावायचा नसेल तर इंजिन घरीच उतरवून ठेव, सांगाडाच दे. सियागंजाच्या बाजारातून टायर, बेअरिंग स्वतः आणलंस तर दोन हजार जास्त जातील, पण बिल तुझ्या नावाचं असेल. पैसे एकाच खात्यावर. दुसरं नाव आलं की थांब. वेल्डिंग रंगाच्या आधी बघ, रंग झाल्यावर सगळेच जोड सुंदर दिसतात.

वर्कशॉपचं शटर ऑगस्टपासून बंद आहे. ४०,००० रुपये त्याच्या भावाने आणून दिले, इंजिनाबद्दल "हमको नी मालूम". ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून तुमच्यापैकी कोणी अडकलं असेल तर "बघू" करत बसू नका. वहीतली पानं मी फेकली नव्हती आणि यूपीआयच्या नोंदी फोनमध्ये होत्या, त्यावरच सगळं उभं आहे.

गाडी पुन्हा ताडपत्रीखाली आहे. नोंदणी वाढलेली नाही. मी कंपनीच्या बसने जातो. रीगलच्या सिग्नलला एखादी जुनी बुलेट शेजारी उभी राहिली की खिडकीतून वाकून मी तिच्या इंजिनाच्या खालच्या बाजूला, ड्रेन प्लगच्या शेजारी बघतो. बस सुटेपर्यंत.