मेल येतायत पण जात नाहीत: अपग्रेडनंतरचे आठ महिने

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करून आता आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून मुद्दाम थांबले. सिस्टिम तशी चांगली आहे, लवकर चालू होते, पंखा कमी ओरडतो, त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त मेलबद्दल लिहितेय, कारण खरा त्रास झाला तो तेवढाच, आणि तोही फक्त जाणाऱ्या मेलचा.

अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी मेलचा प्रोग्राम उघडला तर सगळे जुने फोल्डर जागच्या जागी, नवीन मेल धडाधड येतायत, मी खूश. संध्याकाळी एकीचा फोन आला, अगं ती फाइल पाठवणार होतीस ना? बघते तर आऊटबॉक्समध्ये अकरा मेल गप बसलेले. मेल येतायत म्हणजे इंटरनेट ठीक, अकाउंट ठीक, पासवर्ड ठीक, मग जायला काय धाड भरलीय, असं वाटलं आणि इथेच मी चुकले. येणारे मेल आयमॅप नावाच्या पद्धतीने येतात, जाणारे एसएमटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने जातात, दोघांचा सर्व्हर वेगळा, पोर्ट (सर्व्हरचं आकड्याने ओळखायचं दार) वेगळा, आणि कॉम्प्युटरमध्ये पासवर्डही वेगवेगळा साठवलेला असतो. एक दार उघडं आहे म्हणून दुसरंही उघडं असेल असं काही नाही.

खिडकी सारखी उघडत होती, 'पाठवता आलं नाही, पासवर्ड तपासा'. मी तपासला, परत टाकला, परत टाकला, पाच-सहा वेळा टाकल्यावर मेलवाल्यांनी अकाउंटच थोडा वेळ बंद केलं. त्या खिडकीवर विश्वास ठेवू नका हे मी आता कोणालाही सांगेन. काहीही बिघडलं तरी ती पासवर्डच मागते. खरं काय झालंय ते लॉगमधला, म्हणजे प्रोग्राम स्वतः ठेवतो त्या नोंदींमधला, तीन आकडी कोड सांगतो, ५३५ असेल तर लॉगिन नाकारलंय, ५३० असेल तर लॉगिनच्याही आधी काहीतरी अडलंय, आणि ५५२ म्हणजे बहुतेक वेळा मेल फार जड झालाय. माझा निघाला ५३०, पुढे लिहिलेलं की आधी स्टार्टटीएलएस करा (जोडणीवर आधी टीएलएस हे एन्क्रिप्शन, म्हणजे गुप्त भाषेचं कुलूप, चढवा). म्हणजे पासवर्डचा संबंधच नव्हता!

झालं असं की माझं अकाउंट फार जुनं, पोर्ट २५ वर सेट केलेलं आणि एन्क्रिप्शनसमोर 'जमलं तर वापरा' असा पर्याय निवडलेला. अपग्रेडबरोबर मेल प्रोग्रामचीही नवी आवृत्ती आली, तिच्यात हा पर्यायच नाही, त्याच्या जागी मुकाट्याने 'काही नाही' येऊन बसलं होतं. उघडा पासवर्ड घ्यायला सर्व्हर तयार नाही, बरोबरच आहे त्याचं. तसंही २५ हा पोर्ट सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचा, आपल्यासारख्यांसाठी ५८७ आहे, तोही १९९८ पासून, आणि २०१८ पासून तर शिफारस ४६५ ची आहे जिथे एन्क्रिप्शन पहिल्या क्षणापासून असतं. ५८७ ला स्टार्टटीएलएस आणि ४६५ ला थेट टीएलएस, ही जोडी उलटसुलट केली की प्रोग्राम नुसता फिरत बसतो, एररही धड देत नाही. मी केली होती, अर्धा तास गेला.

४६५ टाकला आणि लगेच सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तक्रार. हा मात्र अँटिव्हायरसचा प्रताप. त्यात जाणारे मेल तपासायची वेगळी खूण असते, ती चालू होती, म्हणजे तो मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो, आणि अपग्रेडनंतर त्या सर्टिफिकेटवर प्रोग्रामचा विश्वास उरला नव्हता. खूण काढली, तक्रार गेली. 'तरीही चालू ठेवा' असं बटण समोर होतं पण ते दाबू नका, मध्ये नक्की कोण बसलंय हे कळल्याशिवाय तर अजिबात नको.

मग आला ५३५, यावेळी खराखुरा पासवर्डचा. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केल्यापासून मी मेल प्रोग्रामसाठी ॲप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रामपुरता काढलेला वेगळा पासवर्ड) वापरत होते आणि हे मी साफ विसरले होते. येणाऱ्या मेलसाठी साठवलेला टिकला, जाणाऱ्यासाठीचा पुसला गेला, आणि मी बापडी नेहमीचा पासवर्ड टाकत बसलेली. (जीमेलने वैयक्तिक अकाउंटसाठी ३० मे २०२२ पासून बाहेरच्या प्रोग्राममध्ये नुसत्या नावपासवर्डावर शिरायची सोय बंद केली, तिथे एक तर ब्राउझरमधून परवानगी द्यायची नाहीतर असा सोळा अक्षरी पासवर्ड काढायचा.) नवीन काढला, टाकला, आणि अकराच्या अकरा मेल एकदम सुटले, त्यात फाइलवालीला तीनदा गेला.

म्हणजे एका तक्रारीमागे तीन कारणं, एकाच्या पोटात एक. मी पहिल्या दिवशी सगळंच एकदम बदलत होते म्हणून काय सुधारलं आणि काय नवीन बिघडवलं हेच कळेना. एक बदल, एक चाचणी मेल स्वतःलाच, मग पुढचा, असं केल्यावर तासाभरात संपलं. आणि अकाउंट डिलीट करून नवीन टाकायचा सल्ला सगळे देतात, तो घाईत ऐकू नका, पॉपवर (आयमॅपऐवजी मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) असाल तर उतरवलेले जुने मेल त्याच्याबरोबर जाऊ शकतात.

नंतरच्या महिन्यांत दोनच गोष्टी. बाबांचं अकाउंट याच कॉम्प्युटरवर टाकलं तेव्हा जाणारा सर्व्हर माझाच राहिला. काही सर्व्हर असा मेल तिथल्या तिथे नाकारतात, माझ्याने पाठवून दिला, आणि बाबांचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये, कारण पत्ता एकाचा आणि पाठवणारा सर्व्हर भलत्याचाच. बाबा म्हणायचे, "मला कुणी उत्तरच देत नाही गं," आणि मला वाटायचं लोक आळशी आहेत. हे कळायला तीन आठवडे लागले. दुसरी गोष्ट, पाचव्या महिन्यात एका मोठ्या अपडेटनंतर फायरवॉलने मेल प्रोग्रामची परवानगी काढून घेतली, पण तेव्हा येणारेही थांबले होते त्यामुळे पाच मिनिटांत सापडलं.

आता चार-सहा दिवसांतून एकदा, झोपवलेला कॉम्प्युटर उठवला की पहिला मेल अडकतो आणि तीच पासवर्डची खिडकी उघडते. मी रद्द करते, दहा सेकंद थांबते, परत पाठव दाबते, जातो. याचं कारण अजून शोधतेय.