सोडा आणि व्हिनेगरने केस धुण्याची पद्धत: निम्मी ठेवावी, निम्मी सोडावी

शाम्पूऐवजी खाण्याच्या सोड्याचे पाणी डोक्याला चोळायचे आणि मग पातळ केलेल्या व्हिनेगरने केस विसळायचे, ही घरगुती पद्धत गेले बरेच महिने नियमित वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की तिचा दुसरा भाग फार चांगला आहे आणि पहिला वगळलेलाच बरा.

कपभर पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून मुळांशी चोळला, तर फेस मुळीच येत नाही. केस तेवढे बुळबुळीत लागतात. साध्या पाण्याने धुतल्यावर मात्र बोटे अडू लागतात आणि ओली बट चिमटीत धरून खाली ओढली की ती करकरते. या करकरण्याला अनेक जण स्वच्छतेची खूण मानतात, परंतु ती बऱ्याच अंशी केसाच्या खरखरीतपणाची खूण असते. केसाचे बाह्य आवरण कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे असते. डोक्याच्या त्वचेचा पीएच (आम्लता-अल्कतेचे माप; 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण 5.5 आणि केसाचा त्याहून कमी असतो, तर सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर जातो. अशा अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, खवले उचलले जातात आणि विंचरताना एकमेकांत अडकतात. केसांची टोके राठ होतात, आणि केस रंगवलेले असतील तर रंगही लवकर उतरतो. एवढे सोसूनही भरपूर तेल लावलेले केस सोड्याने नीट स्वच्छ होत नाहीत, कारण तेलाला धरून पाण्याबरोबर वाहून नेणारा शाम्पूतला घटक सोड्यात नसतो.

व्हिनेगरचा अनुभव अगदी वेगळा आहे. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते. त्याचे एक-दोन चमचे कपभर पाण्यात मिसळून शेवटी केसांवरून ओतले की उचललेले खवले पुन्हा बसतात, गुंता बोटांनीच सुटतो आणि केसांना चकाकी येते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे साबणाचा जो चिकट थर केसांवर बसतो, तोही याने निघतो. वास केस वाळेपर्यंतच राहतो. मात्र व्हिनेगर पातळ न करता कधीही लावू नये, डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि त्वचेवर ओरखडे असतील तर तो टाळावाच.

सोडा आणि व्हिनेगर एकाच भांड्यात कालवण्याचा सल्लाही दिला जातो, आणि तो वाचून मला खरोखर वाईट वाटते. फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते आणि दोन्ही पदार्थ वाया जातात.

घरातल्याच पदार्थाने केस धुवायचे असतील, तर माझी पसंती अंड्याच्या पिवळ्या बलकाला आहे. त्यातील लेसिथिन तेल आणि पाणी या दोहोंना धरते, त्यामुळे हलका तेलकटपणा केस राठ न करता निघतो. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी अर्थातच या वाटेला जाऊ नये. बलक थोड्या पाण्यात फेटून मुळांशी लावावा आणि धुताना पाणी गार किंवा जेमतेम कोमट घ्यावे. कढत पाणी घेतले तर अंडे केसांतच शिजते आणि त्याचे बारीक कण फणीने काढत बसावे लागते.