दोरीचा कातडी चेंडू: रेन्सच्या काळाची प्रतिकृती

1923 मध्ये बॉब डग्लस यांनी न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात न्यूयॉर्क रेनेसाँ, म्हणजेच 'रेन्स', हा कृष्णवर्णीय व्यावसायिक बास्केटबॉल संघ उभा केला. त्या काळच्या दोरीने बांधलेल्या चेंडूची ही प्रतिकृती. दिसायला झकास, वापरायला कटकटीची, आणि तीच तर गंमत!

हवा भरायची तर दोरी सैल करायची, आतल्या रबरी ब्लॅडरची (हवेच्या पिशवीची) नळी बाहेर काढायची, पंप मारायचा, नळी घट्ट बांधून आत खुपसायची आणि बोथट सुईने दोरी पुन्हा ओवायची. टोकदार सुई घेतलीत तर ब्लॅडर गेलाच म्हणून समजा. हवा जास्त झाली की शिवण ताणून चेंडू अंडाकृती होतो. ओल लागली की कातडे फुगते, चेंडू जड होतो. तो सावलीतच वाळवावा.

दोरीच्या बाजूवर टप्पा पडला की चेंडू भलतीकडेच उडतो. त्यामुळे ड्रिबलिंगपेक्षा (चेंडू आपटत नेण्यापेक्षा) पासिंग बरे वाटते. रेन्सची ख्यातीही झटपट पासिंगचीच. 1932-33 च्या हंगामात सलग 88 विजय आणि 1939 मध्ये शिकागोत ऑशकॉश संघाला 34-25 ने हरवून जागतिक व्यावसायिक स्पर्धेचे विजेतेपद.

रोजच्या सरावासाठी घेऊ नका. संग्रहासाठी जरूर घ्या, फक्त सुटा ब्लॅडर सोबत मागून घ्या.