तक्रार नोंदवण्याच्या घाईत झालेली फसवणूक

2024 च्या फेब्रुवारीत माझ्या भाचीचा चेहरा जोडून बनवलेली अश्लील छायाचित्रे समाजमाध्यमावरच्या एका खोट्या खात्यावर दिसली. ती 20 वर्षांची असून इंदूरला रामबागेत आमच्याकडे राहून शिकते. ताईच्या कानावर जाण्याआधी ती काढून टाकली जावीत, या एकाच विचाराने मी इंटरनेटवर सायबर सेलचा क्रमांक शोधला आणि जो मोबाइल क्रमांक सर्वांत वर दिसला, तोच लावला.

आडनाव ऐकताच पलीकडचा माणूस हिंदी सोडून मराठीत बोलू लागला. इंदुरात अनोळखी माणूस मराठी बोलला की आपण त्याला निम्मा घरचाच समजतो, मीही समजलो. त्याने नोंदणी शुल्क म्हणून 1,100 रुपये आणि छायाचित्रे ‘सर्व्हरवरून पुसण्यासाठी’ 18,500 रुपये यूपीआयने घेतले, शिवाय पडताळणीच्या नावाखाली मूळ आणि बनावट अशी सगळी छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली. जी नाहीशी व्हावीत म्हणून मी धडपडत होतो, ती मीच माझ्या हाताने एका भामट्याकडे पोहोचवली, हे मला पैशांपेक्षा अधिक सलते. संध्याकाळी त्याने आणखी 40,000 मागितले आणि न दिल्यास ती नातेवाइकांना पाठवण्याची धमकी दिली.

तोपर्यंत मी भाचीला काही विचारलेच नव्हते. “मामा, आता एक रुपयाही देऊ नका,” असे म्हणून तिने 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावला आणि व्यवहारांचे क्रमांक कळवले. समोरच्या खात्यात उरलेले 6,000 रुपये तेवढे गोठवले गेले.

खरी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पत्ता स्वतः टाइप करावा, शोधून आलेल्या क्रमांकावर विसंबू नये. महिला व बालकांविषयीच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. खात्याचे नुसते नाव पुरत नाही. त्याची पूर्ण लिंक, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवावेत, कारण खाते बंद झाले की पुरावाही जातो. मजकूर लहान मुलांचा असेल, तर मात्र तो पुरावा म्हणूनसुद्धा जवळ साठवू किंवा कोणाला पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार तो स्वतंत्र गुन्हा आहे. अशा वेळी फक्त लिंक कळवावी.

त्याच रात्री आम्ही संबंधित माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिहिले. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे अशी बनावट छायाचित्रे हटवण्यास तेव्हा 24 तासांची मुदत होती, आणि खाते दुसऱ्या दिवशी बंद झाले. भामट्याकडे गेलेल्या छायाचित्रांसाठी भाचीने ‘स्टॉप एनसीआयआय’ या प्रौढांसाठीच्या मोफत सेवेचा आधार घेतला. तिथे छायाचित्र फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी माध्यमांना दिला जातो, म्हणजे तेच छायाचित्र कोणी तिथे टाकले तर ते ओळखून अडवता येते. ते काम तिने एकटीने, दार लावून केले. मी बाहेर बसून होतो.